कॅमेराच धुरकट

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३.
नवी वही. जुन्या वहीच्या रेघा चांगल्या ठसठशीत होत्या. या वहीत रेघा छापल्यातच नाहीत म्हटलं तरी चालेल. दुकानदार म्हणे, आहेत की काका, निळ्या आहेत. असतील. शाई वाचवतात लेकाचे.

वही उघडण्याचं कारण एवढंच की अन्यायाची कुठेतरी नोंद राहावी. काल सकाळी गाडी रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब मागच्या दिव्यावर आपटला. दिवा खांबावर नव्हे. खांब दिव्यावर. खांब बांधणाऱ्याने तो बाहेर काढून बांधलाय, हे मी गेली अकरा वर्षं सांगतोय. भिंगरी मागच्या सीटवर होती. तिला काही झालं नाही. उलट हसली. तरी संध्याकाळी लेक येऊन सांगून गेली की बाबा, उद्यापासून भिंगरीला शाळेत मी सोडेन.

वर म्हणाली, तुम्हाला दिसत नाही बाबा. डोळे दाखवून या.

मला! तेहतीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या, पलीकडे पांढरा दिवा, अलीकडे मी. केसाएवढा तडा असला तरी बाटली बाजूला. साहेबसुद्धा मला 'भिंग' म्हणायचे. म्हणून तर नातीचं नाव मी भिंगरी ठेवलं. दीड वर्ष रोज सकाळी सव्वासातला तिला दोन गल्ल्या पलीकडून, लेकीच्या घरून उचलायचं, पावणेआठच्या आत शाळेच्या फाटकाशी. एक खाडा नाही. वाटेत ती तिच्या वर्गातल्या भानगडी सांगणार, मी हूं हूं करणार. दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं ते तेवढंच. बाकी घरात मला 'जेवायला चला' आणि 'लाइट बंद करा' याव्यतिरिक्त वाक्य येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
सवयीने सहालाच जाग. सव्वासातला करायला काही नाही. शर्ट घालून बसलो.

शांत डोक्याने विचार केला. लेक म्हणाली, दिसत नाही. बरोबरच आहे. मागचं दिसत नाही. कुणालाच दिसत नसतं, देवाने मागे डोळे दिलेले नाहीत. जावयाच्या गाडीला कंपनीनेच कॅमेरा दिलाय, म्हणून जावई उत्तम ड्रायव्हर. तो कॅमेरा काढा, मग बघू. माझी गाडी सतरा वर्षांची, तेव्हा असले लाड नव्हते. उपाय सोपा. कॅमेरा बसवायचा. मुद्दाच संपला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, त्यापेक्षा मी डॉक्टरची वेळ घेते. बायकांना टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.
गाडीच्या सामानाच्या दुकानातून पार्सल आलं. कॅमेरा सुपारीएवढा. एक छोटा स्क्रीन. वायरींचा भारा. आणि माहितीपत्रक, ज्यावर मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. ती कुणी वाचावीत अशी त्यांची इच्छाच दिसत नाही. न वाचताच समजलं. तत्त्व साधं आहे: कॅमेऱ्याला करंट रिव्हर्सच्या दिव्यातून द्यायचा. गिअर मागे टाकला की दिवा लागतो, दिवा लागला की कॅमेरा चालू.

उद्या स्वतः बसवणार. सोमवारी भिंगरी माझ्या गाडीत.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.
सकाळी नऊ ते आत्तापर्यंत डिकीत डोकं. कंबर गेली. ही बॅटरी धरून उभी होती. मी वायर निवडली तर म्हणाली, अहो, ती रिव्हर्सची नाही, तो रंग वेगळा आहे. तिला आत पाठवलं.

कॅमेरा लागला! दृश्य आलं! फक्त रिव्हर्स टाकल्यावर येत नाही. डावा इंडिकेटर दिला की येतं. तेही लुकलुकत. आहे, नाही, आहे, नाही. पाच मिनिटं बघितलं तर मळमळायला लागलं.

गाडी बनवणाऱ्यांनी सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या दिल्या आहेत. माझ्या कारखान्यात असला माल मी दारातून आत येऊ दिला नसता.

१० फेब्रुवारी, सोमवार.
सव्वासातला फाटकाशी उभा होतो. सहज. लेकीची स्कूटर समोरून गेली. भिंगरीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरं विसरतात पटकन.

ही म्हणाली, दोन्ही हात हलवत होती की ती, तुम्हीच खांबासारखे उभे होतात. असेल. स्कूटरवर दोन्ही हात सोडू देतात का पोरांना? आणि माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हार म्हणून नाही. दुसऱ्या माणसाचं मत म्हणून. त्याने डिकी उघडली आणि वायरींचा गुंता उचलून बघितला. मग विचारलं, काका, हे कुणी केलं? म्हटलं, आधीच्या मेकॅनिकने. म्हणाला, त्याला पुन्हा हात लावू देऊ नका.

आता रिव्हर्स टाकला की दृश्य येतं. पडद्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या मार्गदर्शक रेघाही येतात, गाडी कुठे जाईल ते दाखवायला. शिकाऊंसाठी ठीक आहे. मला काय करायच्यात? इलेक्ट्रिशियन जाता जाता म्हणाला, रेघा नको असतील तर कॅमेऱ्याच्या वायरीला दोन छोटे वळसे आहेत, त्यातला पांढरा कापा. हिरव्याला हात लावू नका. हिरवा कापला की चित्र उलटं होतं, डावं उजवीकडे जातं.

एवढं लक्षात ठेवायला मी काय बालवाडीत आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
पांढरा वळसा कापला. रेघा गेल्या नाहीत. ढिसाळ माल.

१३ फेब्रुवारी, पुन्हा. दुपारी ४.
शेजारी राहणारे कॅशियर येऊन भांडून गेले. त्यांची फुलझाडाची कुंडी फुटली. कुंडी माझ्या डाव्या बाजूला होती असं त्यांचं म्हणणं. स्क्रीनवर ती स्वच्छ उजवीकडे होती, म्हणून मी डावीकडे घेतली. आता कॅमेरा खोटं बोलेल की कॅशियर? माणूस रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी काउंटरपलीकडून बोलल्यासारखाच बोलतो.

ही त्यांना सॉरी म्हणाली. माझ्या वतीने सॉरी म्हणायचा अधिकार हिला कुणी दिला, ते विचारायचं आहे. विचारलं नाही. चहा तिच्या हातात होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
इलेक्ट्रिशियन परत. वायर हातात घेतली आणि म्हणाला, काका, हिरवा कापलात. म्हटलं, पांढरा कापला. त्याने कापलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खिडकीशी नेला, उन्हात धरला. करडा होता. धड पांढरा नाही, धड हिरवा नाही. मी म्हटलं, हा रंग म्हणजे काय आहे? त्याने वळसा पुन्हा जोडून दिला, टेप गुंडाळली. जाताना फाटकाशी थांबून हिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. माझं नाव ऐकू आलं. माझे कान तरी शाबूत आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार.
आता डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. पण मूळ दोष आज समजला. कॅमेराच धुरकट आहे. तवंग आलेल्या चहासारखं चित्र. कॅशियरांची भिंत कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. इतके दिवस इतर भानगडींत हे लक्षातच आलं नव्हतं.

लेन्स पुसली. मऊ फडक्याने, मग हिच्या जुन्या रेशमी पदराने. तसंच. काच मला कुणी शिकवू नये. ही काचच दळभद्री आहे.

संकल्प: उद्या दुकानात जाऊन तोंडावर फेकणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
फेकला नाही. सभ्यपणे दिला. दुकानदाराने कॅमेरा त्याच्या स्क्रीनला जोडला आणि रस्त्याकडे धरला. मला म्हणाला, बघा काका, पलीकडच्या स्कूटरचा नंबर वाचता येतोय. आणि त्याने घडाघडा वाचून दाखवला. त्याच्याच दुकानासमोर रोज उभी असणारी स्कूटर! पाठ आहे त्याला. मी मूर्ख आहे का?

तरी कॅमेरा बदलून दिला. नवाही धुरकट. संपूर्ण लॉट खराब दिसतोय. हल्ली सगळंच धुरकट बनवतात. टीव्हीही तसलाच. वर्तमानपत्राची छपाई तर बघवत नाही. परवा स्वयंपाकघरातला दिवा बदलला, तोही मंद. ही म्हणते, डोळे दिपतात एवढा उजेड झालाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
मोठा स्क्रीन आणला. आधीच्याच्या दुप्पट. डॅशबोर्डवर चिकटवल्यावर अर्धी समोरची काच झाकली. हरकत नाही, मागचं बघायलाच तर बसवलाय.

चित्र मोठं झालं. धुकंही मोठं झालं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण उद्या लेक भलतंच सांगत सुटेल, म्हणून माझी बाजू.

दुपारी शाळा सुटायच्या वेळी सहज चालत तिकडे गेलो. फाटकाशी गर्दी. भिंगरी बाहेर आली, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. मी हाक मारली, दप्तर घेतलं, हात धरला. पोर रडायला लागली. भिंगरी नव्हती. दुसरीच कुणी. तिची आई धावत आली, वॉचमन आला, चार लोक जमले, कुणीतरी मोबाइल काढला. मी सांगतोय, अहो, माझी नात, अहो, मी आजोबा. तेवढ्यात खरी भिंगरी आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, ते माझे आजोबा आहेत, त्यांना सोडा.

युनिफॉर्म सगळ्यांचे सारखे, वेण्या सारख्या, दप्तरं सारखी. यात माझी काय चूक? मुलांना शाळेत घालतात की बाटल्यांसारखी साच्यातून काढतात?

वाटेत भिंगरी माझा हात सोडेना. मी विचारलं, घाबरलीस का? म्हणाली, मी नाही घाबरले. 'मी' वर जोर देऊन म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
लेक आली. जावईही आला, म्हणजे प्रकरण गंभीर. जावई कोपऱ्यात मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. लेक म्हणाली, बाबा, गाडीची किल्ली माझ्याकडे द्या आणि सोमवारी डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, किल्ली मागायला तू कोण? तुला गाडी शिकवली कुणी? तुला मागे घेताना आरशात बघायला शिकवलं कुणी? ती म्हणाली, तुम्हीच. आणि रडली. मग ही रडली. म्हणजे घरात मी सोडून सगळे बरोबर, असंच ना!

मी एकच सांगितलं: परीक्षा घ्या. कॅमेरा आहे, स्क्रीन आहे. मला स्क्रीनवर दिसत नाही असं सिद्ध करा, किल्ली घेऊन जा. आणि सिद्ध झालं नाही, तर सोमवारपासून भिंगरी माझ्या गाडीत. लेक नको म्हणत होती. जावयाने पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाला, घेऊन बघू. पुढच्या रविवारी ठरलं. हा माणूस वाटतो तितका वाईट नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
तयारी जोरात. रोज तासभर गाडीत बसून स्क्रीनवर नजर. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं. हल्ली सवयीने बरंच कळतं. काळं हलतं ते कॅशियर. काळं हलत नाही ते त्यांचं फाटक.

२ मार्च, रविवार. दुपारी १२.
पाचपैकी पाच!!

सविस्तर लिहितो, कारण असे दिवस रोज येत नाहीत. गाडी जागेवर, इंजिन बंद, किल्ली अर्धी फिरवलेली, गिअर रिव्हर्सला. म्हणजे गाडी हलणार नाही, कॅमेरा मात्र चालू. मी ड्रायव्हरच्या सीटवर, शेजारी लेक. गाडीच्या मागे दहा पावलांवर भिंगरी, तिच्यासोबत ही. परीक्षक भिंगरीच. तिने स्वतः पाच मोठे कागद रंगवून आणले होते. एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, मी स्क्रीनवर बघून काय आहे ते ओरडून सांगायचं, तिने बरोबर की चूक सांगायचं. वळून बघायचं नाही. मान वळतही नाही म्हणा.

पहिला कागद: वाटोळं, पिवळसर. सूर्य! भिंगरी ओरडली, बरोबर! दुसरा: चौकोनी, वर काहीतरी. घर! बरोबर! तिसरा: हिरवट, खाली दांडा. झाड! इथे जरा उशीर लावला तिने, पण बरोबर! घसा बसला असेल. चौथा: लांबट. मासा! बरोबर! पाचवा: आडवी लांब ओळ, वर सरळ छप्पर. रेल्वे! बरोबर, आजोबा, बरोबर! टाळ्या वाजवायला लागली.

लेकीकडे बघितलं तर ती खिडकीबाहेर तोंड करून बसलेली. हरलेल्या माणसाने निदान मोकळ्या मनाने हात मिळवावा. म्हणाली, बाबा, उद्या बोलू. आणि उतरली. भिंगरी कागद मागच्या सीटवर टाकून माझ्या गळ्यात पडली. मी तिला सांगितलं, उद्या सव्वासातला तयार राहा.

मन भरून आलं. लिहून ठेवतो: भरून आलं.

३ मार्च, सोमवार.
सकाळी सातलाच गाडी पुसून तयार. सव्वासातला लेकीच्या घरी निघणार, तोच लेक दारात. एकटी. म्हणाली, भिंगरीला हे घेऊन गेलेत. मी भडकलो. करार होता, पाचपैकी पाच होते, साक्षीदार होते. वाटेल ते बोललो. ती म्हणाली, काल मी तुमच्या शेजारीच बसले होते बाबा, तोच स्क्रीन मीही बघत होते. एवढंच. आणि कामावर गेली.

तिला पुरावा दाखवायचा म्हणून मागच्या सीटवरचे कागद आणले. खिडकीशी बसलो. कारखान्यातलं जुनं भिंग कपाटात होतं, ते काढलं. एकेक कागद डोळ्याशी धरला.

सूर्य नव्हता. घड्याळ होतं. काटे काढले होते, सव्वासातचे.

घर नव्हतं. आमची गाडी. आत दोन माणसं, एक मोठं, एक छोटं.

झाड नव्हतं. छत्री.

मासा नव्हता. बूट.

रेल्वे नव्हती. जाड स्केचपेनने 'आजोबा' लिहिलं होतं. छप्पर वाटलं ती वरची रेघ.

पाचपैकी शून्य.

आणि ती प्रत्येक वेळी ओरडली, बरोबर. सात वर्षांची पोर. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ही शपथेवर सांगते, की मीही सांगितलं नव्हतं, मी नुसती बघत राहिले. मी कधी कुणाची भीड धरली नाही. साहेबाच्या मेव्हण्याचा माल नापास करून त्याच्या शिव्या खाल्ल्या. आणि माझ्या नातीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. पाच वेळा. टाळ्या वाजवून.

दिवसभर काही खाल्लं नाही. हिने दोनदा विचारलं, मग विचारलं नाही.

७ मार्च, शुक्रवार.
डॉक्टर. लेकीने नेलं, तिच्या स्कूटरवर मागे बसवून. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या. वरचं एक अक्षर वाचलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो काढता येईल. पण काचबिंदूही आहे. कडेची नजर गेली आहे. गेलेली येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची. म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. गाडी आता चालवायची नाही, कधीच नाही. बाई तरुण होत्या, पण रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर ही 'मी सांगत होते' म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

किल्ली लेकीला दिली. तिने ती पर्समध्ये टाकताना माझ्याकडे बघितलं नाही, असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

१० मार्च, सोमवार.
भिंगरीला कागद बघितले हे सांगितलं नाही. लेकीलाही बजावलं, सांगू नकोस. पोरीला वाटू दे, आजोबा पास झाले. तिला सांगितलं, कॅमेरा बिघडलाय, म्हणून गाडी बंद. आता शाळेत चालत जायचं, तू आणि मी. लेक मागून येणार, पन्नास पावलांवर. लेकीची अट.

सकाळी सात वाजता निघालो. भिंगरीने माझा हात धरला. वर्गातल्या भानगडी सांगत होती. मधेच थांबली आणि माझा हात खाली ओढून म्हणाली, आजोबा, पुढे पायरी आहे.

मी म्हटलं, दिसली मला.

नव्हती दिसली.